वजन बरोबर आहे, मग काळजी कसली?

"ताई, मुलगा १७ वर्षांचा, बारावीत. रात्री उठून डबाभर चिवडा, उरलेल्या पोळ्या, ब्रेडचा पुडा संपवतो आणि बाथरूममध्ये नळ सोडून उलट्या काढतो. थंड पाण्याने त्याच्या दातांतून कळ जाते. वजन बरोबर आहे, म्हणून इतके दिवस लक्ष दिलं नाही. हे म्हणतात, असली थेरं मुलींची. दिवाळीत काकांनी चारचौघांत 'ढोल' म्हटलं, तेव्हापासून बिनसलंय. माझंच चुकलं का?"
– एक आई, सिडको, नाशिक

वजन बरोबर आहे, इथेच घरं फसतात. खाण्याचा आजार म्हटला की आपल्याला हाडं निघालेली मुलगीच दिसते. तुम्ही लिहिलंय ते बुलिमियासारखं वाटतं, म्हणजे भरमसाट खायचं आणि मग ते उलटीने वगैरे बाहेर काढायचं, असा खाण्याचा आजार. निदान अर्थात डॉक्टरांचं. त्यात वजन पुष्कळदा चारचौघांसारखंच असतं. आणि तो मुलग्यांनाही होतो. ते सांगत नाहीत, आपण विचारत नाही.

यजमानांना एवढंच सांगा: वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे काट्यावर दिसत नाही, रक्ततपासणीत दिसतं. म्हणून आधी फॅमिली डॉक्टर, मग मानसोपचारतज्ज्ञ. चक्कर किंवा धडधड असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दातांचं म्हणाल, तर उलटीतल्या आम्लाने वरचं कवच झिजतं. उलटीनंतर लगेच ब्रश नको, नुसती चूळ भरू दे.

बाथरूमच्या दाराशी पहारा नको, फ्रीजला कुलूप तर नकोच. त्याने चोरी वाढते, आजार तिथेच राहतो. जेवणाच्या ताटावर हा विषय काढू नका. संध्याकाळी सोमेश्वरला गोदेकाठी चक्कर मारा. समोर बसवलं की मुलगे गप्प होतात, शेजारी चालताना बोलतात. म्हणा, "रात्री नळाचा आवाज येतो. मी रागावले नाही, काळजी वाटते." पहिल्यांदा नाहीच म्हणेल. चार दिवसांनी पुन्हा काढा.

काकांचं 'ढोल' एकटं कारण नसेल, तसं तुमचंही नाही. या आजाराला एकच एक कारण नसतं. पण आपल्याकडे पाहुणा चप्पल काढता काढताच "काय रे, सुटलास की!" म्हणतो, ते तुमच्या घरात बंद. कौतुकाचं "बारीक झालास"सुद्धा.

तो डॉक्टरकडे यायला तयार होईपर्यंत तुम्ही थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. आईने एकटीने फोन केला तरी चालतो.