स्लो कुकरमधला स्ट्यू पाणचट होतो आणि आठ तासांनीही बटाटे कच्चट राहतात. काय चुकतंय?

गॅसवरच्या पातेल्याचं प्रमाण तुम्ही स्लो कुकरला लावताय, असं दिसतंय. पातेल्यात रस आटतो. इथे वाफ झाकणाला लागून थेंबाथेंबाने परत आत पडते, शिवाय मांसाचं आणि कांद्याचं पाणी सुटतं ते वेगळंच. म्हणून गॅसच्या कृतीत सांगितलेल्या पाण्याच्या निम्मं, फार तर दोन तृतीयांश घाला. 3.5 लिटरच्या कुकरमध्ये 800 ग्रॅम मटण, 400 ग्रॅम बटाटे, 200 ग्रॅम गाजर आणि दोन मध्यम कांदे असतील, तर 300 ते 350 मिलि पाणी किंवा स्टॉक पुरतो. सुरुवातीला वरचे तुकडे कोरडे दिसतील. दिसू द्या, पाणी सुटलं की रस वर येतो. भांडं निम्म्याहून कमी नको आणि पाऊण भागाच्या वरही नको.

आता बटाटे. उष्णता भांड्याच्या तळातून आणि बाजूंनी येते, त्यामुळे बटाटे-गाजर तळाशी आणि कडेने लावायचे, मांस त्यांच्यावर. फोडी दोन-अडीच सेंटीमीटरच्या, सगळ्या सारख्या. बटाटे कच्चट राहण्याचं दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: टोमॅटो किंवा व्हिनेगर सुरुवातीलाच पडतं. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट रसात सहज विरघळत नाही, मग फोड तासन्‌तास तशीच टणक. मी टोमॅटो वेगळा परतून, बटाट्यात सुरी सहज शिरायला लागल्यावरच घालते. पुढे हायवर (कुकरच्या जास्त आचेवर) अर्धा तास पुरतो.

मटण आणि कांदा आधी तव्यावर परतून घ्या, ही पायरी टाळू नका. कुकरमधला रस 100 अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग-वास यायला त्याहून बरीच जास्त आच लागते. तुकडे कोरडे पुसा, थोड्या तेलात दोन-तीन घाण्यांत परता. गर्दी केली की पाणी सुटतं आणि ते नुसतेच शिजतात. तव्याला चिकटलेलं अर्धा कप पाण्याने खरवडून कुकरमध्ये ओता, अर्धी चव त्यातच असते. (हे पाणी वरच्या मापात धरा.)

मांस खांद्याचं किंवा पायाचं निवडा. त्यातलं कोलॅजेन (मांसातलं चिवट प्रथिन) मंद आचेवर विरघळून जिलेटिन होतं आणि रस आपसूक मिळून येतो. लोवर (कमी आचेवर) 7-8 तास किंवा हायवर 4-5 तास. चिकनच्या छातीच्या तुकड्यांत हे कोलॅजेन फारसं नसतं, आठ तासांत त्यांचा चोथा होतो. चिकन घालायचं तर मांडीचे तुकडे घ्या, लोवर 5-6 तास. मध्ये झाकण उघडू नका, दरवेळी साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास वाढतो.

तरीही रस पातळ वाटला, तर दर 250 मिलि रसाला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून शेवटच्या 20 मिनिटांत घाला आणि हायवर ठेवा. सुरुवातीला घातलेलं कॉर्नफ्लोअर इतके तास शिजून परत सैल पडतं. दूध, क्रीम, दहीही शेवटीच, नाहीतर फाटतं. मीठसुद्धा रस तयार झाल्यावर चाखून पुरं करा.

दोन गोष्टी चवीच्या नाहीत, सुरक्षिततेच्या आहेत. गोठलेलं मांस थेट घालू नका, ते जंतू वाढतील अशा तापमानात फार वेळ राहतं. आणि कोरडा राजमा कच्चा कधीच घालू नका. त्यातलं विषारी लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळ उकळा आणि मगच कुकरमध्ये घाला. उरलेला स्ट्यूही पुन्हा स्लो कुकरमध्ये गरम करू नका. गॅसवर चांगली उकळी आणा.