अपंगत्व लाभ सुरू असताना नोकरी धरावी का?

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. आयटीआयमधून मशिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स करून तो शिरोली एमआयडीसीतील एका कारखान्यात लागला होता. दोन वर्षांपूर्वी पॉवर प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका गेली. ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) वैद्यकीय बोर्डाने २० टक्के कायमचे अपंगत्व ठरवले आणि महिन्याला सुमारे ३,२०० रुपये सुरू झाले. आता गोकुळ शिरगावला तपासणी विभागात काम मिळत आहे. नोकरीची नोंद झाली तर पेन्शन बंद पडेल, म्हणून पगार रोखीने घ्यावा, असे भावकीतले सांगतात. काय करावे? — एक पालक, कोल्हापूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु भावकीतला सल्ला कृपया मानू नका. मुलाने ही नोकरी रीतसर नोंदीसह स्वीकारावी आणि पेन्शनही घेत राहावी. या दोन्ही गोष्टी एकत्र चालतात.

गैरसमजाचे मूळ असे की, ईएसआयमध्ये अपंगत्वाचे दोन वेगळे लाभ आहेत. अपघातानंतर मुलगा उपचार घेत घरी होता तेव्हा मिळालेली रक्कम तात्पुरत्या अपंगत्वाची होती, आणि ती कामावर रुजू होताच थांबते. बोर्डाने टक्केवारी ठरवल्यावर सुरू झालेला लाभ मात्र कायम अपंगत्वाचा आहे. बोटे गेल्यामुळे कमावण्याच्या ताकदीत जी कायमची घट झाली, तिची ती भरपाई असून घरी बसून राहण्याची अट तिला नाही. हिशेबच पाहा : अपघातापूर्वीचा पगार १८,००० रुपये, म्हणजे रोजचे ६०० धरले, तर त्याचे ९० टक्के ५४० आणि त्याचे २० टक्के १०८ रुपये होतात, म्हणजे महिन्याला सुमारे ३,२४०. या हिशेबात नव्या नोकरीचा पगार कुठेच येत नाही. (संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची अट आहे, त्यामुळे तिथला नियम ऐकून लोक तो इथे लावतात, असा माझा अनुभव आहे.)

एक गोष्ट मात्र तपासा. बोर्डाच्या कागदावर टक्केवारी तात्पुरती लिहिली आहे की अंतिम, हे पाहा. तात्पुरती असेल तर पुन्हा बोलावणे येईल, त्या तारखेला नोकरीतून सुट्टी काढून जावेच लागेल. हयातीचा दाखलाही वेळेवर द्यावा.

रोखीच्या पगाराबद्दल मला जरा कळकळीने लिहावेसे वाटते. नोंद टाळली की भविष्यनिर्वाह निधी जातो, अनुभवाचा दाखला जातो, आणि देव न करो, पण पुन्हा काही इजा झाली तर हा मुलगा त्या कारखान्यात कामाला होता हेच सिद्ध करत बसावे लागते. एकदा यंत्राने बोटे घेतलेल्या मुलाने विम्याच्या नोंदीशिवाय कारखान्यात पाऊल ठेवू नये. रुजू होताना त्याने जुनाच विमा क्रमांक द्यावा, नवा काढू देऊ नये.

कामाची निवड मला योग्य वाटते. ड्रॉइंग वाचता येणारा आणि मशीनवर हात बसलेला माणूस तपासणीत लवकर तयार होतो, कारण जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, कुठे चुकला असेल हे त्याला आधी सुचते. अडचण पकडीची येईल. मायक्रोमीटर हे बारीक मापे घेण्याचे उपकरण एका हाताने वापरताना त्याची फ्रेम तळव्यात करंगळी-अनामिकेनेच धरली जाते. त्यावर उपाय म्हणजे फ्रेम डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याने व तर्जनीने रॅचेट (टोकाची फिरकी) फिरवणे, किंवा मायक्रोमीटर स्टँडला लावणे. अशीच इजा झालेल्या एका तरुणाने माझ्यासमोर पेन्सिलीची जाडी याच रीतीने मोजून दाखवली होती, आणि त्याचा हात जराही हलला नाही. पुढे सीएमएम हे जॉबची मापे घेणारे यंत्र शिकल्यास जड जॉब हाताळण्याचा भाग कमी होईल. पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही आयटीआयवाल्यांना खुली आहे.

सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणासाठी ४० टक्के अपंगत्वाचे वेगळे प्रमाणपत्र लागते आणि ईएसआयची टक्केवारी तिथे चालत नाही. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी करून घेण्यास हरकत नाही, पण त्या आशेवर ही नोकरी थांबवू नका.

रुजू होण्याआधी मुलाला एक दिवस त्या विभागात जाऊन तिथली गेज, म्हणजे मापे तपासण्याची साधने, स्वतः हातात धरून पाहू द्या, आणि कोणते काम जमेल, कशाला स्टँड लागेल, हे त्यानेच साहेबांना सांगू द्या. त्या दिवशी आपण सोबत जाऊ नये.