आधी नोटेशन, मग मुलाखती

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

गोव्याच्या जॅझ वादकांवर काम करायचं ठरवलंस, वाचून फार आनंद झाला. पण मुलाखतींची घाई करू नकोस. आधी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शीक. काही महिने जातील, जाऊ देत.

या माणसांची रोजीरोटी त्या पाच रेघांवर चालली. पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चच्या शाळेत पोरांकडून सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर त्यांच्या नावांनी गाणं, घोटून घेत, हातात व्हायोलिन देत. प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे हवे असत, म्हणून ही सोय. त्याच विद्येच्या बळावर मुलं मुंबईला आली, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहिली आणि बँडमध्ये समोर ठेवलेला कागद बघून वाजवू लागली. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. त्यांचं वाजवणं मुंबईने समोर बसून ऐकलं, आणि ते उचलायला गोव्याचे वादक तयारच होते. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक अंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' झाले. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

दारूबंदीनंतर क्लबांतली कामं आटली, सिनेमाची वाढत गेली. आपल्या सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट होते; 'अलबेला'त (१९५१) ते पडद्यावरही दिसतात. संगीतकार चाल सांगायचा, अरेंजर ती एकेका वाद्यासाठी लिहून काढायचा. शंकर-जयकिशनसाठी सेबॅस्टियन डिसोझांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. गाण्याबरोबर लोकांच्या तोंडी राहिलं ते संगीतकाराचं नाव. मला हे फार लागतं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू, १९५८ साली इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे. आणि आजही कित्येकांना ते १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' या गाण्यातलं एक गमतीचं नाव वाटतात.

म्हणून कागद वाचता आला पाहिजे. समज, एखाद्या घरी पेटीतून जुना ट्रम्पेटचा कागद निघाला. पियानोवर तो जसाच्या तसा वाजवलास तर गाण्याशी जुळणार नाही. बी-फ्लॅट ट्रम्पेटच्या कागदावर 'सी' हा सूर लिहिलेला असतो तेव्हा कानावर त्याच्या खालचा बी-फ्लॅट येतो. आल्टो सॅक्सोफोनचा फरक याहून मोठा. हे ठाऊक नसेल तर लिहिणाराच चुकला असं समजून बसशील. मध्येच काही बार, म्हणजे उभ्या रेघांमधले तालाचे घर, कोरे दिसतील, वर नुसती कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांची) नावं. तिथे वादकाला मोकळं सोडलेलं असतं. खरा जॅझ त्या कोऱ्या जागेत वाजला, आणि तो तुला कागदातून मिळणार नाही. तेवढ्यासाठी रेकॉर्ड लावायची, गायकाच्या आवाजाखाली कान न्यायचा आणि ऐकलेलं स्वतः उतरवायचं. एका सोलोला, म्हणजे एकट्याने वाजवलेल्या तुकड्याला, आठवडा लागला तरी लागू दे.

ऐकायला सुरुवात मात्र सिनेमापासून नको. मडगावचे ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांची कोंकणी गाणी आधी ऐक. तिथे ट्रम्पेट गायिकेच्या मागे दबून राहत नाही, तिच्याशी बरोबरीने बोलतो. हिंदी गाण्यात हेच वादक किती आवरून वाजवत, ते मग आपोआप कळेल.

एवढी तयारी झाली की खुशाल मुलाखतींना जा. 'ते दिवस कसे होते?' असं विचारलंस तर आठवणींचे गोड किस्से मिळतील, तेही लिहून घे. पण 'हा दुसऱ्या ट्रम्पेटचा भाग कुणी लिहिला?' असं विचारलंस तर म्हातारा वादक खुर्ची पुढे ओढून बसेल. मूळ कागद घरी आणू नकोस, तिथेच फोटो काढ. कोपऱ्यातलं पेन्सिलीचं नाव, वाद्य, तारीख सगळं फोटोत येऊ दे. पहिला कागद मिळाला की मला पाठव, सोबत तू उतरवलेला सोलोही. दोन्ही तपासून देतो.

तुझा,
काका