‘मॅडम, पोराला खाली सोडायला भीती वाटते’

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलंय की बाई खुर्चीत टेकल्या की पुढचं कळतं. मुलं पळवणारी टोळी आलीय, ग्रुपवर व्हिडिओ आलाय. भांडुपच्या या बाई त्यातल्याच (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा दहा वर्षांचा. दोन महिने तो बिल्डिंगखाली उतरला नव्हता. नखं कुरतडून बोटांतून रक्त यायला लागलं, तेव्हा त्या आल्या.

“काळजी करू नका” असं मी कुणालाच सांगत नाही. त्याने काळजी जात नाही, फक्त माणूस सांगायचा थांबतो. मी त्यांना काम दिलं. आठवडाभर मूल पळवल्याचं जे जे दिसेल, टीव्हीवर किंवा मोबाइलवर, त्याची वहीत एक रेघ मारायची. गाव आणि तारीख कळली तर पुढे लिहायची.

पुढच्या खेपेला पोराच्या जुन्या वहीचं पान घेऊन आल्या. चाळीसेक रेघा.

“यात वेगवेगळ्या घटना किती?”

बोट फिरवत त्यांनी मोजलं. “सहा. नाही, पाचच. हा दोनदा आलाय, गाव बदलून.”

“मुंबईतल्या?”

“एक. ते पोर संध्याकाळी सापडलं, आजीकडे गेलं होतं.”

मन घटना मोजायला बसत नाही. जितक्यांदा पाहिलं तितक्यांदा घडलं, असा त्याचा हिशेब. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण मनाशी काय बोलतो ते आधी तपासते. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

सगळ्यात जास्त रेघा एकाच व्हिडिओच्या होत्या. मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारं मूल उचलून नेतात. २०१८ मध्ये हाच व्हिडिओ देशभर फिरला होता. मूळचा तो कराचीचा, मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती म्हणून बनवलेला. शेवटी मोटरसायकल परत येते, मुलाला सोडतात, एकजण फलक दाखवतो. तेवढं कापून उरलेलं पसरवलं गेलं. मी बाईंना पूर्ण व्हिडिओ दाखवला. मूल खाली उतरलं आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला मला बरीच वर्षं लागलीत.

“मॅडम, आमच्याकडे एक फुगेवाला यायचा,” बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. “एका पोराला त्याने फुकट फुगा दिला. लोकांनी कॉलर धरली. मी गॅलरीतून फोटो काढून ग्रुपवर टाकला. लिहिलं, पोलिसांत देऊन काय होणार, इथेच ठोका.”

“मग?”

“दोन-तीन थोबाडीत बसल्या. तेवढ्यात वॉचमन आला. म्हणाला, अहो, हा चार वर्षं येतोय.”

मी त्यांना राईनपाड्याबद्दल सांगितलं. धुळे जिल्ह्यातलं गाव, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षुकीवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ठेचून मारलं. तिथे वॉचमन नव्हता. एफआयआर, तपास, साक्षी, कोर्टाच्या तारखा यांचा आपल्याला वैताग येतो, पण ‘अहो, हा चार वर्षं येतोय’ असं सांगायला कुणाला तरी वेळ मिळतो तो त्या रखडण्यातच. ‘इथेच ठोका’ म्हणणाऱ्या आईला मी दुष्ट मानत नाही. घाबरलेल्या माणसाला निकाल लगेच हवा असतो, इतकंच.

म्हणून सगळ्याच आयांना माझं सांगणं असतं: मेसेज आला की विचारा, गाव कोणतं, तारीख कोणती, कुठल्या पोलीस ठाण्यात नोंद आहे? उत्तर नसेल तर तो तुमच्याच फोनवर थांबू दे. खरंच संशय आला तर ११२ लावा, मुलांसाठी १०९८ आहे. आणि अनोळखी माणसाचा बागुलबुवा उभा करण्याआधी एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे आकडे बघा. पॉक्सोखालच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. तेव्हा काका-मामालासुद्धा ‘नको’ म्हणायला आणि घरी येऊन सांगायला शिकवा. गॅलरीला जाळी लावून हे होत नाही.

बाईंचा मुलगा आता संध्याकाळी अर्धा तास खाली जातो. परवा एकटा जाऊन कोथिंबीर घेऊन आला, जुडी सुकलेली होती म्हणे.

“फोटो मी डिलीट केला,” शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या. “पण ग्रुपवरून पुढे कुठे कुठे गेला असेल, तो कसा काढायचा?”

फुगेवाला अजून आलेला नाही.