मॉर्मन चर्चवर लोक टीका करतात तेव्हा आपल्या श्रद्धेची बाजू कशी मांडावी?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपूर्वी सॉल्ट लेक सिटीत बाप्तिस्मा घेतलात आणि तेव्हापासून ऑफिसात, साताऱ्याच्या घरी, जुन्या मित्रांत एकच सरबत्ती चालू आहे. अनेक बायका, सोन्याचे पत्रे, काळ्यांना बंदी, चर्चचा पैसा. तुम्ही रात्री जागून उत्तरं पाठ करता आणि दुसऱ्या दिवशी तोंडघशी पडता. वाचून गलबलून आलं. अकरा वर्षांपूर्वी मी अगदी हेच करत होते.

आम्ही नगरचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मामा पाळक. लग्नानंतर मी युटात आले आणि काही वर्षांनी इथल्या वॉर्डात, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीत, माझा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या पहिल्या नाताळात घरी गेले तेव्हा पहिला खटका चहावरून उडाला. १८३३ सालच्या शिकवणीप्रमाणे आपण चहा-कॉफी घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. मामीनं पितळी ट्रेमध्ये कप आणले, मी "नको" म्हटलं. तिला वाटलं साखर जास्त पडली असेल, म्हणून तिनं दुसरा करून आणला. मी पुन्हा "नको" म्हटलं. मग खोलीत जी शांतता पसरली ती मला आजही आठवते. मामांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "आमचा ख्रिस्त तुला पुरला नाही का?"

मी बॅगेतून कागद काढले. खरंच कागद होते, वीस-बावीस आक्षेप आणि त्यांची उत्तरं. अर्धा तास बोलले. मामांनी एकही प्रतिप्रश्न केला नाही, आणि रात्री आईला म्हणाले, "पोरगी पाठ करून आलीय."

माझे वडील नगरच्या कोर्टात कारकून होते. ते नेहमी सांगायचे की पढवलेला साक्षीदार उलटतपासणीत पाच मिनिटांत उघडा पडतो. त्याला जे ठाऊक नाही तेही तो ठासून सांगतो, म्हणून. आपल्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून आपण उभे राहतो आणि साक्ष देतो. साक्ष हाच शब्द. मग लोकांसमोर आपण एकदम वकील का होतो? मला हे कळायला तीन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून इतकं लांब लिहितेय.

कळलं ते एका सहकाऱ्यामुळे. कृष्णवर्णीय गृहस्थ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, लहानपण अमेरिकेच्या दक्षिणेत गेलेलं. डबा खाताना त्यांनी सहज विचारलं, "१९७८ पर्यंत तुमच्या चर्चमध्ये माझ्यासारख्याला याजकपद मिळत नव्हतं. तुला हे माहीत असून तू गेलीस?" मी पाठ केलेलं वाक्य फेकलं, "त्या काळी सगळीकडेच तसं होतं." ते काही बोलले नाहीत. डब्याचं झाकण लावलं, एक कोपरा नीट बसेना, तो अंगठ्यानं दोनदा दाबला आणि उठून गेले.

घरी येऊन मी तो विषय पहिल्यांदा नीट वाचला. एलायजा एबल या कृष्णवर्णीय सभासदाला १८३६ मध्येच याजकपद मिळालं होतं, चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ हयात असताना. बंदी जाहीर झाली १८५२ मध्ये, त्यांच्यानंतरचे प्रमुख ब्रिगम यंग यांच्या काळात. म्हणजे "पहिल्यापासून देवाची तशीच आज्ञा होती" हे म्हणणं टिकत नाही. पुढे सव्वाशे वर्षं त्या बंदीची समर्थनं रचली गेली. काळी कातडी हा शाप, किंवा जन्मापूर्वीच्या कर्माचं फळ, अशी. हे शब्द आपल्या कानाला किती ओळखीचे आहेत! जातीची समर्थनं अशीच असतात. चर्चनं २०१३ मध्ये आपल्या अधिकृत निबंधात ही सगळी समर्थनं स्पष्ट शब्दांत नाकारली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, काल मी दिलं ते उत्तर नव्हतं. ती बंदी अन्याय होती असं मी मानते. तिचा त्रास ज्यांना झाला त्यांच्यापुढे माझ्याजवळ सबब नाही. आणि तरीही मी या चर्चमध्ये आहे, त्याचं कारण ऐकायचं असेल तर सांगेन. ते म्हणाले, "आता सांग." त्या दिवशी आम्ही जेवणाची सुट्टी उलटून गेली तरी बोलत होतो. ते आपल्या श्रद्धेत आले नाहीत, त्यासाठी मी गेलेही नव्हते. पण त्यांनी माझं ऐकून घेतलं, कारण आधी मी त्यांचं ऐकलं होतं.

तर तुमच्या यादीतल्या एकेका गोष्टीबद्दल.

अनेक बायका. १८९० मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ही प्रथा थांबवणारा जाहीरनामा काढला, १९०४ मध्ये दुसरा निघाला, आणि आज कुणी अशी लग्नं केली तर त्याला चर्चमधून काढतात. टीव्हीवर दिसतात ते वेगळे पंथ. हे सांगा, पण एवढ्यावर थांबू नका, कारण समोरच्याला बहुधा जोसेफ स्मिथबद्दल विचारायचं असतं. त्यांनी स्वतः अनेक लग्नं केली. काळजीपूर्वक केलेले अंदाज तीस ते चाळीस स्त्रिया सांगतात, त्यांतली एक पंधरा पूर्ण व्हायला काही महिने असलेली होती. हे चर्चच्याच २०१४ च्या निबंधात आहे. मी ते वाचलं तेव्हा माझी मुलगी तेरा वर्षांची होती. मी पुस्तक मिटून तिच्या खोलीत जाऊन बसले. ही गोष्ट मला आजही पचलेली नाही आणि कुणी विचारलं तर मी तसंच सांगते. पचली आहे असं दाखवलं की माझ्या बाकीच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवेल?

सोन्याचे पत्रे. मॉर्मनचा ग्रंथ आपण अशा पत्र्यांवरून भाषांतरित केला असं जोसेफ सांगत, म्हणून "कुणी पाहिले?" हा प्रश्न येणारच. अकरा जणांनी पाहिल्याची लेखी साक्ष त्या ग्रंथाच्या पहिल्या, १८३० च्या आवृत्तीपासून छापलेली आहे. त्यांतले पहिले तिघे, ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर आणि मार्टिन हॅरिस, पुढे जोसेफशी बिनसून चर्चबाहेर गेले. दोघे परतले, व्हिटमर कधीच आले नाहीत. पण भांडण झाल्यावरही तिघांपैकी कुणी आपली साक्ष मागे घेतली नाही. हॅरिस यांनी तर छपाईसाठी आपलं शेत गहाण टाकलं होतं. कोर्टातल्या माणसाच्या घरात वाढल्यामुळे असेल, मला ही गोष्ट फार वजनदार वाटते. म्हणून ग्रंथ सिद्ध होतो का? नाही. ग्रंथात ज्या प्राचीन अमेरिकन लोकांची हकिगत आहे त्यांची एकही वस्ती किंवा शिलालेख पुरातत्त्वज्ञांनी मान्य केलेला नाही, आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे पूर्वज मुख्यतः आशियातून आले असं जनुकशास्त्र सांगतं. जोसेफ टोपीत एक दगड ठेवून, त्यात चेहरा घालून मजकूर सांगत, हेही खरं. त्या दगडाचे फोटो चर्चनंच २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. मित्र हसला तर हसू द्या. तुम्ही मात्र "असं काही नव्हतं" म्हणू नका.

अब्राहामाचा ग्रंथ, आपला आणखी एक धर्मग्रंथ, तुमच्या यादीत नाही, पण आज ना उद्या येईल. १८३५ मध्ये विकत घेतलेल्या इजिप्शियन पपायरसांवरून जोसेफनी तो दिला. पपायरस नष्ट झाले असं मानत होते, पण काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात निघाले आणि १९६७ मध्ये चर्चकडे आले. त्यांवर मृतांसोबत ठेवायचे नेहमीचे अंत्यविधीचे मजकूर आहेत, अब्राहामाचं नाव नाही. चर्च हे मान्य करतं. आपले काही अभ्यासक म्हणतात मूळ भाग हरवला, काही म्हणतात पपायरस हे निमित्त होतं, शब्द प्रेरणेनं आले. मला दुसरं जवळचं वाटतं. पण या प्रश्नावर मी कुणाला जिंकलेलं नाही आणि जिंकायला जातही नाही.

छळाच्या इतिहासाबद्दल एक विनंती. वाद अंगाशी आला की आपले लोक पटकन मिसूरी राज्यातल्या छळावर जातात. राज्यपाल बॉग्ज यांनी ऑक्टोबर १८३८ मध्ये मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा किंवा नायनाट करा असा हुकूम काढला, तीन दिवसांनी हॉन्स मिल या मॉर्मन वस्तीवर सतरा जण मारले गेले, आणि तो हुकूम रीतसर रद्द व्हायला १९७६ उजाडलं. हे सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण सप्टेंबर १८५७ मध्ये युटातल्या माउंटन मेडोजला आपल्याच लोकांनी पांढरं निशाण दाखवून, शब्द देऊन, सुमारे एकशेवीस वाटसरूंना ठार केलं. सतरा लहान लेकरं तेवढी वाचली. शिक्षा झाली ती त्यांतल्या एकट्या जॉन ली यांना, गोळ्या घालून, तीही वीस वर्षांनी. मी त्या माळावर जाऊन आले आहे. वारा सोडून काही ऐकू येत नाही. एक हकिगत सांगायची आणि दुसरी गिळायची, हे मला तिथून आल्यावर जमेनासं झालं.

पैशाबद्दल माझं म्हणणं थोडक्यात. मी दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देते, मनापासून देते. २०२३ मध्ये चर्च आणि त्याची गुंतवणूक संस्था यांना मिळून पन्नास लाख डॉलरचा दंड झाला, कारण गुंतवणुकीचा आकडा लपेल अशा रीतीनं तेरा कागदी कंपन्यांच्या नावानं माहिती भरली जात होती. हे चुकलं. कुणी टोमणा मारला तर मी "हो, चुकलं" म्हणते आणि त्याच दमात आमच्या वॉर्डातल्या कुणाचं घरभाडं, कुणाचा किराणा उपासाच्या दानातून कसा भागला तेही सांगते, नावं न घेता. दोन्ही मी जवळून पाहिलंय.

मृतांसाठीचा बाप्तिस्मा मात्र आपल्या लोकांना समजावणं सोपं जातं, हे तुमच्या कामी येईल. माझी शेजारीण कोल्हापूरची. मी म्हटलं, गेलेल्या माणसांसाठी आपण इथे एक विधी करतो, स्वीकारायचा की नाही हे त्यांच्या आत्म्यावर. ती म्हणाली, "म्हणजे आपण पितरांना पाणी सोडतो तसंच की." तसंच नाही, पण तिला वाट सापडली. ज्यूंच्या नरसंहारात मेलेल्यांची नावं या विधीत घातली गेली होती, १९९५ मध्ये चर्चनं ते थांबवायचं कबूल केलं, तरी नंतरही तसं घडलं, आणि त्यानं फार माणसं दुखावली. तेही तिला सांगितलं.

आणि साताऱ्याचं. तुमचे वडील म्हणाले, "हे अमेरिकेचं खूळ." त्यांना सांगायला एक गोष्ट देते. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा आपला मिशनरी मुंबईत उतरला, पुढे पुण्यात राहिला, आणि लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला कॅन्टोन्मेंटात प्रचाराची बंदी केली. पण खरं सांगू का, त्यांना ही गोष्ट नकोच आहे. आईवडील जेव्हा "सोन्याचे पत्रे कसले" असं विचारतात तेव्हा त्यांना पत्र्यांशी काही देणंघेणं नसतं. गणपतीला येशील का, आमचं शेवटचं कोण करणार, आडनाव तेच ठेवणार ना, हे त्यांच्या पोटात असतं. त्याची उत्तरं कुठल्याच निबंधात मिळणार नाहीत. ती तुम्हालाच ठरवावी लागतील आणि फोनवर नव्हे, समोर बसून द्यावी लागतील. व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको.

मग मी या चर्चमध्ये का आहे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळं बोलणं शेवटी तिथेच येतं. माझं दुसरं मूल सातव्या महिन्यात गेलं. मी तेव्हा सभासदही नव्हते. वॉर्डातल्या बायका आल्या, कुणी उपदेश केला नाही. एकीनं माझ्या पायांना तेल चोळलं. नंतर मी मॉर्मनचा ग्रंथ वाचला, प्रार्थना केली आणि मला उत्तर मिळालं. ते मी दाखवू शकत नाही, पण मिळालं नाही असं म्हणणं माझ्यासाठी खोटं बोलणं होईल. इतकीच माझी साक्ष. बाकी सगळ्याची उलटतपासणी घ्या, मी उभी आहे.

मामांचं सांगायचं राहिलं. मामी आता माझ्यासाठी गवती चहा आणि आलं उकळते, पूड न घालता, आणि त्याच ट्रेमधून आणते. मामांना आजही आपली शिकवण मान्य नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना आपण तीन वेगवेगळी अस्तित्वं मानतो, तिघांचं तत्त्व एकच ही नायसियाच्या जुन्या परिषदेची व्याख्या मानत नाही, आणि पाळक म्हणून त्यांना ते मोठंच वाटतं. पूर्वी मी "आपण सारखेच आहोत हो" म्हणून वेळ मारून नेत असे. गेल्या वर्षी म्हटलं, मामा, इथे आपला खरंच फरक आहे. ते खुर्ची पुढे ओढून बसले, बायबल उघडलं आणि योहानाच्या सतराव्या अध्यायावर आम्ही दोन तास बोललो. आता फोनवर म्हणालेत की यंदाच्या नाताळासाठी पौलाची पत्रं काढून ठेवलीत, तूही वाचून ये.