शेवट ठाऊक असताना बुद्धिबळाची रहस्यकादंबरी पुन्हा वाचावी का?
हो, खुनी कोण हे आठवत असलं तरी व्हॅन डाइनची 'द बिशप मर्डर केस' (१९२९) पुन्हा वाचाच. दुसऱ्या खेपेला खरी मजा धागे कुठे पेरलेत ते पकडण्यात असते. हल्लीच पुन्हा वाचली, म्हणून खात्रीने सांगतो. बालगीतांबरहुकूम पडणारे खून, 'बिशप' (बुद्धिबळातला उंट) अशी सही असलेल्या चिठ्ठ्या आणि संशयितांत एक बुद्धिबळपटू, त्याचा रुबिनस्टाइन या खऱ्याखुऱ्या नामांकित बुद्धिबळपटूशी झालेला डावसुद्धा. त्या डावाची पानं सावकाश वाचा, पटावर सोंगट्या मांडायची मात्र गरज नाही. गुप्तहेर फायलो व्हान्सचा शिष्टपणा आणि तळटीपा कंटाळवाण्या आहेत, तिथे खुशाल पानं उलटा. अगाथा ख्रिस्तीच्या 'द बिग फोर'चं (१९२७) म्हणाल, तर त्यातलं बुद्धिबळाचं प्रकरण तेवढं वाचा: तिसऱ्या खेळीलाच खेळाडू कोसळतो, आणि ती ओपनिंग (डावाची ठरावीक सुरुवात) 'रुय लोपेझ' का, हे दुसऱ्या वाचनात जास्त आवडतं. बाकी कादंबरी सुट्या कथा शिवून केलेली, आणि टाके दिसतात. गोव्यात २०२५चा बुद्धिबळ विश्वचषक झाल्यापासून तुमच्यासारखे विचारणारे वाढलेत. विकत घेण्याआधी पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत चौकशी करा.