स्क्रीम आणि सह्या

गाणी दमदार आहेत तुझी, पण स्क्रीम, म्हणजे गाण्यातली ती कर्कश किंकाळी, नुसता घसा आवळून काढतोस. तो आवाज खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांतून, म्हणजे फॉल्स कॉर्ड्समधून, पोटाच्या श्वासावर यायला हवा. खवखवलं की तिथेच थांब. माइकची जाळी मुठीत धरू नकोस. दिसतं भारी, पण फीडबॅक, म्हणजे स्पीकरची ती शिट्टी, वाढतो आणि शब्द गढूळ होतात. ड्रमरशेजारी इअरप्लग हवेतच.

आणि हो, कुणाचे शब्द, कुणाची चाल, कुणाला किती टक्के, हे रिलीजआधीच लिहून सह्या घ्या. दोस्तीखातर टाळाल, मग पैसे यायला लागले की तोंडं फिरतात. लेबलचा, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा, करार आला तर मास्टरचे, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे, हक्क कुणाकडे, किती वर्षं, ते आधी बघ. आगाऊ रक्कम बहुधा तुझ्याच रॉयल्टीतून वळती होते.